चावी नसलेलं कुलूप

आमच्या गावात लोखंड टिकत नसे. विळा, कोयता, सायकलची साखळी, शाळेची घंटा, जे जे म्हणून लोखंडाचं ते दोन पावसाळ्यांत तांबूस होऊन सोलपटायला लागायचं. खाडी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि वाऱ्यातच इतकं मीठ की दोरीवर वाळलेल्या लुगड्याची घडी घालताना ते हाताला चिकट लागे. आय म्हणायची, "या गावात मानसाला मीठ इकत घ्यावं लागतं, ही लाजच हाय." या गंजाचा सगळ्यांत मोठा मार बसायचा तो कुलपांना. त्यांच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. वरून ठणठणीत वाटणारं कुलूप ऐनवेळी चावी धरून बसतं. तशी गावात घरांना कुलपं लागायचीच कुठे म्हणा. दिवसभर कुणी ना कुणी घरी, आणि नेण्यासारखं आत काही नाही. पण बाबांच्या कामात कुलूप होतं, त्यामुळे आमच्या घरातली अर्धी बोलणी कुलपावरची असत.

बाबा उघाडीवर होते. खारेपाट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना हे जरा सांगायला हवं. आमच्याकडची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध, त्या बांधाला एका ठिकाणी दगडी तोंड, आणि त्या तोंडात वर-खाली होणारी जाड लाकडी फळी. तिलाच उघाडी म्हणायचं. ओहोटीला फळी वर घ्यायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं; भरती लागायच्या आत खाली सोडायची, म्हणजे खारं पाणी बाहेर राहतं. फळीला लोखंडी चाक, चाकाला साखळी, साखळीला कुलूप. काम खात्याचं, पण बाबा रोजंदारीवर. दर वर्षी साहेब म्हणायचे, येत्या वर्षी तुम्हाला कायम करून घेऊ, आणि दर वर्षी बाबा तो निरोप आयला अशा तऱ्हेने सांगायचे की जणू पहिल्यांदाच ऐकलाय. आमची बौद्धवाडी गावाच्या टोकाला, बांधाच्या बाजूला. त्या शेतांत आमच्या वाडीतल्या कुणाची गुंठाभर जमीन नव्हती, तरी सगळ्या गावाचं भात राखणारी चावी आमच्या खुंटीवर असायची. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत. पण बांधावरून घरी येताना ते मान जरा ताठ ठेवून चालायचे, हे मला लहान वयातही कळत होतं.

एका आषाढात ते कुलूप अडलं. शेतात पाणी तुंबलेलं, ओहोटी सरत आलेली, बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून चावी फिरवतायत आणि बांधावर अर्धं गाव जमून अक्कल शिकवतंय. कुणी म्हणालं रॉकेल घाला, कुणी म्हणालं चावी उलटी फिरवा. शेवटी बाबांनी दगडाने कुलूप फोडलं. नामाभाऊंची शेतं उघाडीला अगदी लागून होती. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "कुलूप आनि गेटवाला, दोन्ही जुनी झाली आता." लोक हसले. बाबाही हसले, पण त्या दुपारी ते जेवले नाहीत. आयने त्यांच्या वाट्याची भाकरी आणि सुकट झाकून ठेवली आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं.

पुढच्याच आठवड्यात माझा मामा आला. न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा नवंनवं सुरू झालेलं, आणि मामा तिकडे ट्रेलरवर क्लीनर म्हणून लागला होता. तिकडून येताना तो नेहमी काहीतरी घेऊन यायचा आणि बोलायचाही तिकडचं. या वेळी त्याने पिशवीतून एक पितळेचं कुलूप काढलं. मुठीएवढं, जड, आणि चावीच्या भोकाच्या जागी चार छोटी चाकं, त्यांच्यावर आकडे. "दाजी, एकदम टॉप माल हाय," तो म्हणाला. "गंजनार नाय, अडकनार नाय. चावीच नाय तर अडकंल काय? चार नंबर लावा, खल्लास." आय पदराला हात पुसत येऊन ते उलटसुलट करून बघून गेली आणि म्हणाली, "दिसायला तर दागिना हाय."

नंबर आपला आपण लावायचा होता. बाबा आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ काहीतरी करत राहिले. कुलूप बंद करून वळले तेव्हा एखाद्या पोरासारखे खूश होते. मामाने ते ओढून घेतलं. "मना म्हाईत हाय. दीक्षेचं साल लावलं असनार तुमी." त्याने एक, नऊ, पाच, सहा फिरवलं आणि कडी ओढली. उघडलं नाही. बाबा मांडीवर थाप मारून हसले. "साऱ्या वाडीला जे सुचंल तेच मी लावनार व्हय? येवडा खुळा न्हाय मी." मग त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "हितं ठेवलाय. डोकं कोन चोरनार?" आयला त्यांनी नंबर सांगितला नाही, मलाही नाही. खुंटी रिकामी झाली. तिच्यावर आयने चाळणी टांगली.

ते बोलणं मला अजून ऐकू येतं, आणि त्यातली चूक कळायला मला फार वर्षं लागली. चावी चोरीला गेली तर खुंटी रिकामी दिसते. कुलूप फोडलं तर तुकडे पडतात. नंबर गेला तर काहीच जात नाही. तो ज्याचा त्याच्याजवळ असतोच. उलट दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्याकडेच बघतात, कारण नंबर त्यालाच ठाऊक. पण तेव्हा आमच्या घरात हे कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही सगळे त्या पितळेच्या चकाकीवर भाळलो होतो.

दर पंधरा दिवसांनी बाबा ते कुलूप घरी आणायचे. चाकात चिखल बसायचा तो जुन्या दातांच्या ब्रशने काढायचे, खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि बंद करून ओट्यावर वाळत ठेवायचे. मी तेव्हा नववीत. एका रविवारी आय वालाचं बिरडं सोलत बसली होती, मी तिच्या शेजारी, आणि हाताला चाळा म्हणून मी ते कुलूप उचललं. डाव्या हाताने कडी ओढून धरली आणि उजव्या अंगठ्याने चाकं फिरवत बसले. तीन चाकं सैल फिरत होती. एक जड लागत होतं. आम्ही मुली ओहोटीला चिखलात शिंपल्या काढायला जायचो. तिथे डोळ्यांचा काही उपयोग नसतो, बोटंच सगळं सांगतात. त्याच सवयीने मी ते जड चाक हळूहळू फिरवलं, आणि एका आकड्यावर कडी केसभर वर सरकली. मग दुसरं चाक जड झालं. तेही तसंच फिरवलं. मला वाटलं मी काहीतरी मोडतेय. चौथ्या चाकाला टक् असा आवाज झाला आणि कुलूप माझ्या हातात उघडं पडलं. तीन, आठ, शून्य, सात. बाबांनी हा आकडा कुठून आणला होता ते मला आजतागायत माहीत नाही. आय म्हणाली, "वालाला हात लाव जरा, नुसती बसूं नको." तिने पाहिलंच नव्हतं. मी कुलूप पटकन बंद केलं.

मी बाबांना सांगायला हवं होतं. इतकी साधी गोष्ट. पण ते इतके खूश होते त्या कुलपावर, की त्यांना जाऊन कसं सांगायचं, बाबा, तुमच्या डोक्यातला नंबर मी अंगठ्याने काढला? मला भीती वाटली असं नाही. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या अंगठ्याचा गर्वही झाला होता. गर्व झाला की पोर कुणाला तरी दाखवतंच. मी सुमनला दाखवलं.

सुमन नामाभाऊंची मुलगी, माझ्या वर्गातली. शाळेतून आम्ही बांधावरून एकत्र यायचो. तिची मोठी बहीण त्याच उन्हाळ्यात किहीमला दिली होती, आणि सुमन रोज किहीमचं पुराण लावायची. तिथल्या नारळाच्या वाड्या, तिथले मुंबईवाल्यांचे बंगले, भावजींची मोटारसायकल. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एक दिवस उघाडीपाशी आल्यावर मी म्हटलं, "थांब, तुला एक गंमत दाखवते." कडी ओढली, चाकं फिरवली, टक्. सुमनचे डोळे मोठे झाले. "नंबर म्हाईत नसताना?" मी ऐटीत मान हलवली. तिने करून पाहिलं, तिला जमेना. तिची बोटं घाई करायची. पण उघडलेल्या कुलपावर चार आकडे ओळीने दिसत होते, आणि सुमनचं पाठांतर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. मी तिला युक्ती दाखवत राहिले आणि तिने आकडा नेला. तिच्या मनात तेव्हा काही होतं असं मी आजही म्हणणार नाही.

भाद्रपद संपत आला होता. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडून दाण्यात दूध भरत होतं. त्या दिवसांत खारं पाणी शेतात आलं तर सगळं संपलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पाऊस उघडला होता. तळा गावाला माझी आत्या होती. तिचे सासरे वारले होते, त्यांचं पुण्यानुमोदन रविवारी होतं. बाबांनी रजा मागितली नाही. रोजंदारीवरच्या माणसाची रजा म्हणजे बदली माणूस. त्यांनी फळी पूर्ण खाली सोडली, साखळी गुंडाळली, कुलूप दाबलं आणि तीनदा ओढून पाहिलं. मी त्यांच्याबरोबर होते. आयला म्हणाले, "पाऊस न्हाय, फली खालीच ऱ्हाऊं दे. सोमवारी दुपारच्याला येतोच." पहाटेच्या एसटीने ते गेले.

त्या रविवारी दुपारी सुमन आमच्याकडे डबा घेऊन आली. तिचे किहीमचे भावजी लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला आले होते. आमच्या भागात जावयाला पहिल्या खेपेला जिताडा, खाडीतला मोठा मासा, वाढतात. कोंबडी वाढा, मटण वाढा, जिताडा नसेल तर सासरवाडीने काही केलं नाही असंच म्हणायचं. डबा उघडला तर जिताड्याचं कालवण, चिंचेच्या आंबटातलं, वर तेलाचा लाल तवंग, आणि त्यात दोन जाड तुकड्या. "मावशे, आयशीनं दिलंय," सुमन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आयने गरम भात टाकला. आम्ही दोघी जेवलो आणि आयने एक तुकडी बाबांसाठी काढून ठेवली. इतका गोड मासा मी त्याआधी खाल्ला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. आय म्हणाली, "यंदा यांच्या तळ्यात जिताडा न्हवता म्हनं. गावला कुठं?"

तो कुठे गावला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बांधावरून ओरडा ऐकू आला, आणि शाळेला निघालेली मी दप्तरासकट तिकडे धावले. उघाडीलगतच्या शेतांत भाताच्या कमरेपर्यंत पाणी होतं, आणि ते पुढे पुढे सरकत होतं. कुणीतरी बोट बुडवून चाखलं आणि थुंकलं. चाक फिरवून बंद केलेलं दिसत होतं, साखळी जागेवर, कुलूप लागलेलं. पण फळीखाली, पाण्यात, एक ओंडका अडकला होता आणि फळी दीड वीत वर राहिली होती. दोन भरत्या आत येऊन गेल्या होत्या. नामाभाऊ छातीएवढ्या पाण्यात उतरून ओंडका ओढत होते, पण फळी उचलल्याशिवाय तो निघेना, आणि चाक कुलपात. कुणी पहार आणायला पळालं. तेवढ्यात बाबा आले. तळ्याहून सकाळचीच गाडी धरली होती त्यांनी. हातातली पिशवी मला दिली, त्यात आत्याने दिलेली केळी होती, आणि ते गर्दीतून पुढे गेले. सगळे बघत असताना त्यांनी चार आकडे लावले. टक्. कुलूप उघडलं.

त्या एका टक् ने बाबा बुडाले. कुलूप शाबूत होतं. साखळी शाबूत होती. नंबर एकाच माणसाच्या डोक्यात होता, आणि त्यानेच आत्ता ते सगळ्यांसमोर दाखवलं होतं. ओंडका निघाला, फळी खाली गेली, आणि मग सगळे बाबांकडे वळले. नामाभाऊ चिखलाने माखलेले होते. "फली वर ठेवून गेलास तू," ते म्हणाले. "न्हायतर कुनाला तरी नंबर दिलास. दोनातलं एक सांग." बाबा म्हणाले, "मी फली खाली सोरली. कुलूप तीन येला ओढून बगितला. पोर व्हती माझ्याबरोबर." माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. घरच्या पोरीची साक्ष कोण धरतो?

सुमन मला शाळेच्या मागे भेटली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिची आयशी जावयाच्या पानासाठी डोकं धरून बसली होती, म्हणून सुमनने रविवारी भरतीच्या वेळी फळी थोडी उचलून तोंडाला जाळं लावलं होतं. जिताडा मिळाला. चाक उलटं फिरवलं, ते पक्कं बसलं, तिला वाटलं फळी टेकली. ओंडका तिला दिसलाच नाही. "बाप मना जिता सोरनार नाय," ती म्हणाली. "ताईला पन सासरी ठेवतील का आता? इशू, तुझ्या गल्याची शपथ, कुनाला सांगू नको." तिच्या वडिलांचीच शेतं सगळ्यांत आधी गेली होती. मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते? तिचं नाव घेतलं तर ती मेली असती, आणि नाही घेतलं तर माझे बाबा. मी चौदा वर्षांची होते.

मग मला वाटलं की तिसरी वाट आहे. कुणाचंच नाव घ्यायचं नाही. फक्त हे दाखवायचं की हे कुलूप नंबराशिवाय उघडतं, कुणालाही उघडता येतं. मग बाबांवर कसला आळ? मी स्वतःला इतकी हुशार समजत होते. आज वर्गात एखादी मुलगी असा साधा सरळ उपाय घेऊन उभी राहिली की माझ्या अंगावर काटा येतो.

तीन दिवसांनी खात्याचे साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात त्यांना खुर्ची, समोर गाव. शेतं तोवर पिवळी पडायला लागली होती आणि वाऱ्यावर कुजका वास येत होता. टेबलावर ते पितळेचं कुलूप ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, नंबर आणखी कुणाला माहीत आहे? बाबा म्हणाले, "कुनालाच न्हाय, साहेब." साहेबांनी हात पसरले. "मग काय समजायचं आम्ही?" बायकांच्या घोळक्यात सुमन तिच्या आईच्या मागे उभी होती, खाली बघत. मी पुढे झाले. आयने माझा हात धरला तो मी सोडवला.

"साहेब, हे कुलूप नंबर माहीत नसला तरी उघडतं."

लोक हसायला लागले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी कुलूप माझ्यापुढे सरकवलं. "उघड बघू." मी कडी ओढून धरली. अंगठ्याला सगळं आठवत होतं. पहिलं चाक जड लागलं; तीनावर कडी सरकली. हसणं थांबलं. दुसरं, आठ. मी मान वर केली तर बाबा माझ्या हातांकडे बघत होते. गावात एकट्या त्यांनाच माहीत होतं की आकडे बरोबर पडतायत. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी त्यांना काही कळलंच नाही असं वाटलं, आणि मग सगळं कळलं. तिसरं चाक शून्यावर आलं. मी चौथ्याला अंगठा लावला, आणि बाबांनी झडप घालून कुलूप माझ्या हातातून ओढून घेतलं. कानाखाली एक सणसणीत दिली. त्यांनी मला मारलं ते आयुष्यात तेवढंच.

"पोरीला काय समजतंय, साहेब," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मीच फली वर ठेवून गेलो. तल्याला जायची घाई व्हती. इसरलो."

पुढे काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. बाबांनी कुठल्याशा कागदावर सही केली. सही करायला ते हौसेने शिकले होते. जोडाक्षर नीट काढायचे. त्या दिवशीही त्यांनी ते नीट काढलं. नामाभाऊ त्यांच्या अंगावर धावून गेले, लोकांनी आवरलं. उघाडी दुसऱ्या माणसाकडे गेली, आणि कायम होण्याचं बोलणं त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही.

घरी येताना मी त्यांच्या मागून चालत होते. वाडी दिसायला लागल्यावर मी म्हटलं, "बाबा, मी न्हाय उघडलं." ते चालत राहिले. "व्हय, व्हय," म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. मग मला राहवलं नाही. मी शपथ मोडली. सुमनने उघडलं, जिताड्यासाठी, असं सगळं सांगून टाकलं. ते थांबले आणि वळले. इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, व्हरांड्यातही नाही. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पन दुसऱ्याच्या पोरीवर ढकलू नको. ही आपली रीत न्हाय." मी आणखी जितकं बोलले असते तितकं ते खोटं वाटलं असतं. नंबर मला येतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या रविवारी आमच्या घरी जिताडा जेवलेला होता, आणि डबा सुमनच्या घरून आला असला तरी कुलूप मीच उघडून दिलं असणार, असं त्यांनी धरलं होतं. आयने त्यांच्यासाठी ठेवलेली तुकडी या सगळ्या धावपळीत तशीच ताटलीखाली राहून गेली होती, वास सुटलेली, आणि आय ती फेकायला मागच्या दारी गेली तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते.

त्या वर्षअखेरीस मामाने बाबांना न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात पहाऱ्यावर लावलं. तिथे कंटेनरच्या दाराला कुलूप नसायचं, पत्र्याचं सील असायचं, त्यावर नंबर. दार उघडायचं तर सील तोडावंच लागतं. बाबांना ते फार आवडलं होतं. सुट्टीवर आले की सांगायचे, "हे बरं हाय. कुनी हात लावला तर दिसतं तरी." असं म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत. मला बारावीनंतर डी.एड.ला पाठवताना त्यांनी खर्चाचा शब्द काढला नाही, की उघाडीचाही. सुमनचं लग्न अकरावीतच झालं. तिच्या लग्नाला मी गेले नाही. नंतर दोनदा ती एसटी स्टँडवर दिसली आणि दोन्ही वेळा आम्ही एकमेकींच्या मुलांची चौकशी केली.

हल्ली माझा भाचा मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. कुणी परदेशी माणूस नंबरची कुलपं एकामागून एक उघडतो, कडी ओढून, चाक फिरवून, चहा निवायच्या आत. लाखो लोक बघतात म्हणे. भाचा म्हणतो, "मामी, बघ ना, काय भारी!" मी बघते. किहीमला गेले तर बंगल्यांच्या फाटकांवर हीच कुलपं लोंबताना दिसतात, आणि माझा अंगठा नकळत हलायला लागतो. शाळेत एखाद्या मुलावर आळ आला, की मी आधी विचारते, कुलूप तुटलंय का? आणि नाही म्हणाले तर मला पुढे काही सुचत नाही.

बाबा सत्तरी ओलांडून घरी बसले तेव्हाची गोष्ट. मी लेकीला घेऊन मे महिन्यात माहेरी गेले होते. तिने खेळता खेळता आजोबांचा चष्मा फोडला आणि भीतीने दाराआड जाऊन बसली. बाबांनी तिला ओढून मांडीवर घेतलं. "चष्म्यासाठी रडतंस?" ते म्हणाले. "तुझ्या आयशीनं तर अख्खा दर्या शेतात घेतला व्हता. जिताडा खायाचा व्हता तिला!" आणि त्यांनी ती सगळी गोष्ट तिला सांगितली, रंगवून, ओंडक्यासकट, माझ्या अंगठ्यासकट. लेक डोळे विस्फारून ऐकत होती आणि खुदखुदत होती. बाबाही हसत होते. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, कौतुकच होतं. माझ्या पोरीने किती मोठा गुन्हा केला आणि मी तो कसा पोटात घातला, याचा त्यांना आनंद होता, आणि तो त्यांच्याजवळचा बहुधा सगळ्यांत मोठा ठेवा होता.

"बाबा," मी म्हटलं, "ती मी नव्हते."

त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. नववीतल्या मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"अगं बाय," ते म्हणाले, "आता कोन मारतंय तुला?"